खाद्यपतंगाची पैदास व तिचे शत्रू

कुही तालुक्यात पऱ्हाटी, धान, तूर व मिरची पिकविणाऱ्या शेतकरी बंधूंस ट्रायकोकार्ड ही वस्तू आता अपरिचित राहिलेली नाही. कागदाच्या पट्टीवर चिकटविलेल्या काळ्या, बारीक अंड्यांतून ट्रायकोग्रामा नावाचा मित्रकीटक बाहेर पडतो. त्याचा आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. तो बोंडअळीच्या किंवा खोडकिड्याच्या पतंगाने घातलेली अंडी शोधून त्यांत आपले अंडे घालतो. त्यामुळे अळी जन्मास येण्यापूर्वीच नाश पावते. परंतु कार्डावरील अंडी मुळात कोणाची, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. ती कोरसायरा नावाच्या पतंगाची असतात. आपल्या घरी साठविलेल्या तांदळात व ज्वारीत जाळी करणारी अळी ती याचीच. मित्रकीटकास खाद्य म्हणून हा पतंग मुद्दाम पोसावा लागतो. ज्या सभासदांस गावपातळीवर हे काम हाती घ्यावयाचे आहे, त्यांनी या खाद्यपतंगाचे शत्रू प्रथम ओळखले पाहिजेत.

पैदाशीची सर्वसाधारण रीत येणेप्रमाणे आहे. ज्वारी, बाजरी किंवा मक्याचा भरडा सुमारे अडीच किलो घेऊन तो 100 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवितात. निवाल्यावर त्यात 100 ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, 5 ग्रॅम यीस्ट व 5 ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घालतात. मग त्यावर अर्धा घनसेंटिमीटर, म्हणजे सुमारे आठ ते नऊ हजार, अंडी पसरून पेटी कापडाने बांधतात. साधारण चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात व पुढे दीड महिनाभर निघत राहतात.

येथे एक मोठी अडचण आहे. शेतात कीड पडली तर आपण औषध फवारतो. पण पैदासघरात पाळलेला जीव स्वतःच कीटक असल्याने जे विष चोरास मारील तेच धन्यासही मारील. म्हणून येथे उपाय हा बहुतांशी प्रतिबंधाचाच असतो.

सर्वांत घातक शत्रू म्हणजे ब्रॅकॉन नावाची बारीक गांधीलमाशी. तिची मादी कोरसायराच्या अळीस डंख मारून तिला लुळी करते व तिच्या अंगावर अंडी घालते. निघालेली पिल्ले अळीचा रस शोषून तिला रिकामी करतात. ब्रॅकॉनची एक पिढी दहा-बारा दिवसांत पुरी होते आणि कोरसायरास तर चाळीस दिवस लागतात. म्हणजे आपला पतंग एकदा वाढेपर्यंत शत्रूच्या तीन पिढ्या होऊन जातात. प्रारंभी दोन-चार माश्या दिसल्या म्हणून दुर्लक्ष केले, तर महिन्याने सारे पैदासघर रिकामे होण्याची वेळ येते. लुळ्या पडलेल्या अळ्या व भरड्याच्या जाळीत दिसणारे लहान पांढरे कोष ही तिची खूण होय. ती दिसताच पेटी त्याच दिवशी, न उघडता, बाहेर न्यावी व आतील माल उकळत्या पाण्यात टाकावा. चांगल्या अळ्या निवडून वाचविण्याचा मोह धरू नये. पेट्यांस घट्ट विणीचे कापड बांधावे व खिडक्यांस बारीक जाळी लावावी.

गंमत अशी की, हीच ब्रॅकॉन शेतात आपली मित्र आहे. पिकांवरील अनेक पतंगवर्गीय अळ्यांचा ती नाश करते व त्यासाठी तिचीही पैदास करतात. परंतु दोहोंची पैदास एका छपराखाली कधीही करू नये.

दुसरा शत्रू म्हणजे धान्यातील कोळी. ही सूक्ष्म जात पावसाळ्यातील दमट हवेत वाढते व अंडी फस्त करते. भरड्यात गंधक मिसळावयाचे ते हिच्यासाठीच. तिसरा शत्रू पिठातील तांबडा भुंगेरा. हा बहुधा न तापविलेल्या धान्याबरोबरच आत येतो; म्हणून भरडा तापविण्यात आळस करू नये. मुंग्यांसाठी मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. पाल, कोळिष्टके व उंदीर यांस थारा देऊ नये. रोजचे काम नव्या पेट्यांपासून सुरू करून जुन्यांकडे जावे, म्हणजे जुन्या पेटीतील उपद्रव हातांनी नव्या पेटीत जात नाही. पतंगांचे खवले श्वासाबरोबर जाऊन दम्यासारखा त्रास होतो, यास्तव नाकातोंडावर कापड बांधावे.

रोगाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात 1911 साली एर्न्स्ट बर्लिनर यांस पिठातील पतंगाच्या रोगट अळ्यांत एक जिवाणू आढळला. त्यापूर्वी जपानात 1901 साली इशिवाता यांनी तोच रेशमाच्या किड्यांत पाहिला होता. हाच तो बीटी जिवाणू. भारतात 2002 पासून पेरल्या जाणाऱ्या बीटी कपाशीतील गुण याच्यापासूनच घेतलेला आहे. पतंगवर्गीय अळ्यांस हा मारक असल्याने बीटीचे फवारणीचे औषध पैदासघराजवळ ठेवू नये व ते फवारून आलेल्या माणसाने हातपाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय आत जाऊ नये.

आता घरच्याच मंडळींविषयी. ट्रायकोग्रामा पतंगांच्या खोलीत शिरली तर पुढील बियाण्यासाठी राखलेली अंडीच ती नासविते. म्हणून कार्डांची खोली निराळी असावी. उलट, कार्डावरील अंडी आधी अतिनील किरणांखाली निर्जीव केली नाहीत, तर त्यांतून कोरसायराच्या अळ्या निघून शेजारची काळी अंडीच खातात. शिवाय कोरसायरा ही कोठारातील कीडच असल्याने पैदासघर धान्याच्या कोठीपासून दूर असावे.

इतकी दक्षता का, हे हिशेबाने पाहावे. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाच्या कुळातीलच एका जातीचे एकरी सुमारे 60,000 मित्रकीटक एका वेळी सोडावे लागतात व ते पऱ्हाटी फुलावर असताना, म्हणजे पतंग अंडी घालीत असतानाच, सोडावे लागतात. सप्टेंबरात कार्ड हवे असेल तर पेटी जुलैत भरली पाहिजे. तोच काळ दमट हवेचा व कोळ्यांचा. त्या वेळी पेट्या बुडाल्या तर पुन्हा भरून पतंग मिळेपर्यंत आणखी चाळीस दिवस जातात. तोवर अळी बोंडात शिरलेली असते आणि बोंडात शिरलेल्या अळीस ट्रायकोग्रामा काहीही करू शकत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रथम वर्षी दहा-पाच पेट्यांपेक्षा जास्त पसारा मांडू नये. मूळ अंडी खात्रीच्या सरकारी वा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतूनच आणावीत, पेट्या दोन निराळ्या जागी विभागून ठेवाव्यात व प्रत्येक पेटीवर भरल्याची तारीख लिहावी. नव्वद दिवस झालेली पेटी पतंग निघत असले तरी मोडावी, धुऊन कडक उन्हात वाळवावी. ज्याच्या पेट्या स्वच्छ राहतील, त्याच्याच कार्डावर हंगामास अंडी काळी झालेली दिसतील.