प्रबंधाची मांडणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना घराजवळ पीएचडीची वाट मिळाली. इथल्या जंगलावर प्रबंध लिहिणारे मेहनतीला कमी पडत नाहीत. पण ‘मांडणी काय, शेवटच्या आठवड्यात टायपिंगवाला करून देईल’ हा समज फार महागात पडतो.

सागाचं माप घ्या. तक्त्यात नुसतं ‘जाडी ९४’ लिहिलं, तर ते सेंटिमीटर की इंच, घेर की व्यास, हे परीक्षकाला कसं कळावं? ९४ सेंमी घेराच्या झाडाचा व्यास सुमारे ३० सेंमी भरतो. घेरालाच व्यास समजलं, तर खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ दहापट फुगतं. माप कोणत्या उंचीवर घेतलं तेही लिहावं लागतं: आपल्याकडे छातीची उंची १.३७ मीटर धरतात, इतर अनेक देशांत १.३ मीटर. म्हणून ‘१.३७ मीटर उंचीवरील घेर (सेंमी)’ हा मथळा रानात पाऊल टाकण्याआधीच नोंदवहीत हवा. राहून गेलेली ही माहिती मागाहून कुठलाही टायपिंगवाला भरून काढू शकत नाही.

स्थानिक नावं लिहिली की प्रबंध कच्चा दिसतो, असंही काहींना वाटतं. मोह, तेंदू ही नावं जरूर लिहा. माहिती देणारा गावकरी तीच वापरतो. सोबत शास्त्रीय नाव द्या, मोहाचं मधुका लाँजिफोलिया. रोमन लिपीत ते तिरप्या अक्षरांत येतं. प्रजातीचं आद्याक्षर मोठं, जातीचं लहान.

‘संशोधकाद्वारे निरीक्षण करण्यात आले’ हीच शास्त्रीय भाषा, हाही गैरसमजच. ‘नेचर’सारखं नियतकालिकसुद्धा ‘आम्ही मोजले’ अशी सरळ कर्तरी रचना पसंत करतं.

आणि ‘दहा टक्के उचललं तर चालतं’? अजिबात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच. त्या मोजणीतून संदर्भसूची, अनुक्रमणिका वगळतात. दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून आपली म्हणून खपवली, तर साम्य शून्य दिसलं तरी ती चोरीच.

प्रबंध आता ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातो, कुणीही उघडून तपासू शकतं. तेव्हा विद्यापीठाचं नियमपत्रक आजच मागून घ्या आणि पहिला तक्ता त्याबरहुकूम आखा.