कानांनी वाचलेली मराठी

इंदुरात आमची ही पाचवी पिढी. होळकरांच्या चाकरीसाठी आलेलं घराणं इथेच रुजलं. पुण्याला गेलं की नातेवाईक हसतात, "तुमची मराठी अगदी हिंदाळलेली!" कारण आम्ही पोहे करत नाही, 'बनवतो'. इथले शेजारी मात्र आम्हाला 'मराठी लोग' म्हणूनच ओळखतात. त्यामुळे "मूळचे कुठले?" या प्रश्नाची तुमच्यासारखीच मलाही सवय आहे.

मला आणखी एका प्रश्नाची सवय आहे. "यांना काहीच दिसत नाही का?" हा प्रश्न माझ्याबद्दल असतो, पण विचारतात माझ्या बायकोला. मी शेजारीच उभा असतो.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. या आजारात डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू निकामी होतात. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग नजरेचा घेर अरुंद होत जातो. बीई होईपर्यंत छापील पान माझ्या हातून सुटलं होतं. नोकरीला अडचण आली नाही. संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर असतात. त्यांतला एनव्हीडीए मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केला, आणि तो मोफत मिळतो. तो कोड वाचून दाखवतो आणि मी काम करतो.

इंग्रजी टिकली, कारण ती कामाची होती. हिंदी टिकली, कारण ती रस्त्यावर होती. हातून निसटू लागली ती मराठी. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी वाचायला आजीने शिकवलं, 'किशोर'चे जुने अंक पुढ्यात घेऊन. नजर गेल्यावर मराठी फक्त स्वयंपाकघरात बोलण्यापुरती उरेल, याची मला खरी भीती वाटायची. अपंगत्वापेक्षाही जास्त.

ती परत आली युनिकोडमुळे. जुन्या डीटीपी फॉन्टांपैकी बऱ्याच फॉन्टांमध्ये पडद्यावर 'कमळ' दिसत असलं, तरी आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तेवढीच वाचतो आणि कानावर नुसता गोंधळ पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या 'ळ'चा ०९३३. तो क्रमांक असला की यंत्राला 'ळ' ओळखता येतो.

उच्चाराची गंमत वेगळीच. 'हे जग' आणि 'सुखाने जग', लिहायला दोन्ही सारखेच. पण पहिला 'ज' जीवनातला, दुसरा जगण्यातला. यंत्र अनेकदा दोन्ही एकाच सुरात म्हणतं. तेव्हा मी मनातल्या मनात आजीचा उच्चार लावून घेतो. आपली मराठी हिंदाळलेली असेलही, पण हा फरक इंदूरच्या घरात वाढलेल्या कानालाही कळतो. मूळचे कुठले, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच.

आता थोडं मंडळांच्या कामाचं. गणेशोत्सवाची पत्रिका आपण व्हॉट्सअॅपवर सुंदर चित्र करून पाठवतो. माझा फोन बहुधा 'इमेज' एवढंच म्हणतो. त्याखाली तारीख, वेळ आणि ठिकाण दोन ओळींत टाईप केलं, तर मला कुणाला विचारावं लागणार नाही. विशेषांक पीडीएफ असेल तर मजकूर युनिकोडमध्येच असावा, आणि पानं स्कॅन करून चित्रं म्हणून जोडू नयेत. याला वेगळा खर्च येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि माहिती सर्वांना वापरता यावी अशी अपेक्षाही आहे. पण आपल्याच माणसांना कायदा दाखवून काही मागावं, असं मला वाटत नाही.

शिवाय हा फायदा माझ्या एकट्याचा नाही. आपल्या घरांतली कितीतरी मुलं मराठी समजतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. अँड्रॉइड फोनमध्ये मराठी आवाज मिळतो. युनिकोडमधला लेख तीही ऐकू शकतात, ऐकता ऐकता ओळींवरून नजर फिरवू शकतात. मला जे गरजेपोटी शिकावं लागलं, ते त्यांना आवडीने करता येईल.

आणि कार्यक्रमात भेटलात, तर प्रश्न मलाच विचारा. मराठीतच विचारा, 'बनवलेल्या' मराठीत विचारलात तरी चालेल.