ग्रंथ एका गावी, वाचक दुसऱ्या गावी
आंतरग्रंथालयीन देवघेवीसाठी साधे संकेतस्थळ

हवा असलेला ग्रंथ अस्तित्वात आहे, तो एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात सुस्थितीत आहे, परंतु ज्या वाचकास तो हवा आहे त्यास त्याचा ठावठिकाणा माहीत नाही, ही वाचनव्यवहारातील एक जुनी अडचण होय. मराठी वाचकांच्या बाबतीत या अडचणीचे ठळक उदाहरण हैदराबाद शहरात आढळते.

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी व कन्नड असे तीन भाषिक प्रदेश एकत्र नांदत होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचे राजकीय, शैक्षणिक व साहित्यिक व्यवहार राजधानीशी निगडित होते. साहजिकच या प्रदेशाविषयीचे ग्रंथ, अहवाल व नियतकालिके हैदराबाद येथे साठत गेली. १८९१ मध्ये आसफिया ग्रंथालय या नावाने सुरू झालेले आणि १९३६ पासून अफझलगंज भागात मुसी नदीकाठच्या भव्य इमारतीत असलेले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे त्याचे एक उदाहरण होय. तेथे उर्दू, तेलुगू, इंग्रजी व हिंदी ग्रंथांबरोबर मराठी ग्रंथही आहेत. शहरातील मराठी भाषकांनी १९२२ मध्ये स्थापन केलेले मराठी ग्रंथ संग्रहालय ही अशीच दुसरी मोलाची संस्था होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाड्याचे जिल्हे तत्कालीन द्विभाषिक मुंबई राज्यात आले. माणसे व प्रदेश यांची विभागणी झाली, तरी ग्रंथ जेथल्या तेथे राहिले. परिणामी मराठवाड्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या शिक्षकास किंवा संशोधकास आजही हैदराबादची वाट धरावी लागते. तर हैदराबादच्या मराठी वाचकास महाराष्ट्रातील नवे-जुने ग्रंथ हाताशी मिळतातच असे नाही. ही दरी काही अंशी भरून काढणारी व्यवस्था म्हणजे आंतरग्रंथालयीन देवघेव होय.

देवघेवीची कल्पना

एका ग्रंथालयाने आपल्या वाचकासाठी दुसऱ्या ग्रंथालयाकडून ठरावीक मुदतीसाठी ग्रंथ मागवून घेणे, यास आंतरग्रंथालयीन देवघेव असे म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ग्रंथ वाचकास दिला जात नाही, तर ग्रंथालयास दिला जातो. वाचकाची हमी त्याचे स्वतःचे ग्रंथालय घेते; ग्रंथ वेळेवर व सुस्थितीत परत करण्याची जबाबदारीही त्याचीच असते. दोन संस्थांमधील विश्वास हा या व्यवहाराचा पाया आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील वूस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ मध्ये ग्रंथालयांनी परस्परांस ग्रंथ उसने द्यावेत, असा प्रस्ताव मांडला होता. आपल्या देशात १९८८ मध्ये दिल्लीतील ग्रंथालयांचे जाळे म्हणून सुरू झालेली डेलनेट ही संस्था आज देशभरातील सभासद ग्रंथालयांच्या संयुक्त तालिकेच्या आधारे ही सेवा देते. विद्यापीठे व मोठी महाविद्यालये तिचा लाभ घेतात. परंतु तालुक्याच्या किंवा गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयापर्यंत ही सोय क्वचितच पोहोचते. अशा ग्रंथालयांना परस्परांशी जोडण्यासाठी एक साधे संकेतस्थळही बरेच काम करू शकते.

संकेतस्थळावर काय असावे

संकेतस्थळ म्हणजे ग्रंथालयाची चोवीस तास उघडी असलेली खिडकी होय. तिच्या शोभेपेक्षा तिची उपयुक्तता महत्त्वाची. प्रारंभी चार पृष्ठे पुरेशी ठरतात.

पहिल्या पृष्ठावर सेवेची माहिती व नियम असावेत. ग्रंथ किती दिवसांसाठी मिळेल, एका वेळी किती ग्रंथ दिले जातील, टपालखर्च कोणी सोसावयाचा, ग्रंथ हरवल्यास भरपाई कशी होईल आणि कोणते ग्रंथ बाहेर दिले जाणार नाहीत, हे सोप्या मराठीत नमूद करावे. नियम आधीच स्पष्ट असले म्हणजे पुढील वादाचे प्रसंग टळतात.

दुसऱ्या पृष्ठावर ग्रंथसूची असावी. संपूर्ण संग्रहाची सूची तयार होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. इतरत्र सहजासहजी न मिळणारे शे-दोनशे ग्रंथ निवडून त्यांची सूची प्रथम प्रसिद्ध केली, तरी सेवेस आरंभ करता येतो. प्रत्येक नोंदीत ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, आवृत्ती, पृष्ठसंख्या व दाखल क्रमांक ही माहिती असावी. जुन्या मराठी ग्रंथांवर आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक नसतो. म्हणून प्रकाशक व वर्ष यांची नोंद अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

तिसऱ्या पृष्ठावर मागणीपत्र असावे. ते वाचकाने नव्हे, तर त्याच्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाने भरावयाचे असते. मागणी करणाऱ्या ग्रंथालयाचे नाव व पत्ता, ग्रंथाचा तपशील, ग्रंथ कोणत्या तारखेपर्यंत उपयोगी पडेल ती तारीख आणि नियम मान्य असल्याची नोंद एवढ्या बाबी त्यात असाव्यात. तारखेचा रकाना विशेष महत्त्वाचा आहे; कारण परीक्षा किंवा प्रबंध सादर करण्याची मुदत उलटून गेल्यावर आलेला ग्रंथ वाचकाच्या उपयोगाचा राहत नाही.

चौथे पृष्ठ मागणीच्या स्थितीचे. मागणी मिळाली, शोध चालू आहे, ग्रंथ रवाना केला, ग्रंथ पोहोचला, ग्रंथ परत आला, असे पाच टप्पे मागणी क्रमांकासमोर दिसावेत. या पृष्ठावर वाचकाचे नाव वा दूरध्वनी क्रमांक देऊ नये. कोण काय वाचतो ही त्याची खाजगी बाब आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तर याविषयी अधिकच दक्षता बाळगणे इष्ट ठरते.

लिपी आणि शोध

मराठी सूचीच्या बाबतीत दोन अडचणी हमखास येतात. पहिली लिपीची. जुन्या पद्धतीच्या संगणकीय अक्षरवळणांत टंकलिखित केलेली यादी तशीच संकेतस्थळावर ठेवल्यास वाचकाच्या संगणकावर निरर्थक अक्षरे उमटतात आणि शोधही घेता येत नाही. यास्तव सर्व नोंदी युनिकोड पद्धतीनेच कराव्यात.

दुसरी अडचण लेखनभेदांची. 'हैदराबाद' व 'हैद्राबाद', 'निजाम' व 'निझाम' अशी दोन्ही रूपे ग्रंथनामांत आढळतात. एकच लेखक कोठे 'वि. स. खांडेकर' तर कोठे 'विष्णु सखाराम खांडेकर' असा नोंदलेला असतो. एका रूपाने शोध घेणाऱ्यास दुसऱ्या रूपातील ग्रंथ सापडत नाही आणि ग्रंथ कपाटात असूनही 'उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते. मुखपृष्ठावरील नाव जसेच्या तसे ठेवून पर्यायी रूपे निराळ्या रकान्यात नोंदविल्यास हा दोष दूर होतो. हे काम यंत्राचे नव्हे, तर जाणत्या ग्रंथपालाचे आहे. गावातील शिक्षकांनी त्यास हातभार लावल्यास ते लवकर पूर्ण होऊ शकेल.

संकेतस्थळ उभारण्यासाठी महागड्या सामग्रीची गरज नाही. सूचीसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ई-ग्रंथालय ही प्रणाली उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेली 'कोहा' ही प्रणालीही विनामूल्य वापरता येते. तेथील माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ 'भेट' असा आहे. ग्रामीण भागातील बहुतेक वाचक भ्रमणध्वनीवरच संकेतस्थळ पाहतात. म्हणून चित्रे मोजकी, अक्षरे ठळक आणि पृष्ठे हलकी ठेवावीत. सूचीची एक प्रत दरमहा स्वतंत्रपणे जतन करून ठेवण्यास विसरू नये.

टपाल आणि कायदा

मागणी क्षणार्धात पोहोचली तरी ग्रंथास प्रवास करावाच लागतो. नोंदणीकृत मुद्रित पुस्तकांसाठी असलेला टपालाचा सवलतीचा प्रकार डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. त्यानंतर १ मे २०२५ पासून टपाल खात्याने शैक्षणिक, सामाजिक व सांस्कृतिक पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली. आरंभीच्या दरानुसार ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये आकार असून कर वेगळा आहे. पाकिटाचा माग ठेवण्याची सोयही या सेवेत आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या टपालखर्चाचा अंदाज नियमांच्या पृष्ठावर दिल्यास मागणी करणाऱ्या ग्रंथालयास आपली तरतूद करता येईल.

दुर्मीळ व जीर्ण ग्रंथ मात्र टपालाने पाठविणे योग्य नव्हे. ज्या ग्रंथांचे स्वामित्वहक्क संपले आहेत, त्यांची छायाप्रत देता येते. आपल्याकडे सामान्यतः लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हा हक्क अबाधित राहतो. याशिवाय १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने एक सवलत दिली आहे. जो ग्रंथ भारतात विक्रीस उपलब्ध नाही, त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती विनानफा सार्वजनिक ग्रंथालयास स्वतःच्या वापरासाठी करता येतात. परंतु हक्क शाबूत असलेला ग्रंथ संपूर्णपणे संकेतस्थळावर खुला करणे या सवलतीत बसत नाही.

शंका आणि सुरुवात

'ग्रंथ गेला तो गेला' ही धास्ती अनेक कार्यकारिणींना वाटते व ती अगदीच निराधार नाही. तिच्यावरील उपाय कपाटास कुलूप घालणे हा नसून व्यवहार नोंदीत ठेवणे हा आहे. रवाना करताना ग्रंथाची पाने व स्थिती यांची नोंद करावी, मुदतीपूर्वी एक स्मरणपत्र पाठवावे आणि नियमभंग करणाऱ्या ग्रंथालयास पुढील ग्रंथ देण्याचे थांबवावे. प्रारंभी दोनच परिचित ग्रंथालयांत करार करून सहा महिने अनुभव घ्यावा, हे उत्तम.

समजा, नांदेड जिल्ह्यातील एखाद्या गावच्या शिक्षकास मुक्तिसंग्रामातील आपल्या परिसराचा इतिहास विद्यार्थ्यांसाठी लिहावयाचा आहे आणि त्यास हवा असलेला ग्रंथ हैदराबाद येथे आहे. आज त्यास रजा काढून, प्रवासखर्च सोसून आणि ग्रंथ तेथे असेलच या भरवशावर जावे लागते. सूची पाहण्याची सोय झाली, तर गावच्या ग्रंथपालाकडे मागणी नोंदवून त्याचे काम होऊ शकेल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. त्या लढ्याच्या खुणा जपणारे ग्रंथ आता जीर्ण होत चालले आहेत. ते अभ्यासकांच्या हाती वेळेत पोहोचले नाहीत, तर गावोगावचा तो इतिहास लिहिण्याची संधीही निसटून जाईल.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यात ग्रंथालयांचे जाळे विस्तारण्यास चालना दिली. या जाळ्यातील गाठी परस्परांशी, तसेच सीमेपलीकडील मराठी ग्रंथालयांशी जोडण्याचे काम आता ग्रंथपाल, शिक्षक व संस्थाचालक यांनी हाती घ्यावयास हवे. पहिले पाऊल लहान आहे: आपल्या ग्रंथालयातील दुर्मीळ ग्रंथांची शुद्ध यादी तयार करणे. तेवढे झाले म्हणजे पुढील मार्ग सुकर होईल.