थेंब पडतो तिथं भोक नसतं

संपादकांनी मला दरडींसाठी पाठवलं होतं. जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ डोंगर खाली आला, माणसं गेली. तेव्हापासून पावसाळा तोंडावर आला की बोरघाटातल्या यंत्रांवर एक लेख आमच्याकडे ठरलेला असतो. मोठमोठे पोकलेन बघितले, फोटो काढले आणि जुन्या हायवेनं पुण्याकडे निघालो. कामशेतच्या अलीकडे पाऊस इतका वाढला की गाडीचे वायपर असून नसल्यासारखे झाले. रस्त्याकडेला पत्र्याची एक शेड आणि तिच्या पुढ्यात चहाची टपरी दिसली. पाच मिनिटांसाठी थांबलो, आणि दोन दिवस तिथंच गेले.

शेडमध्ये एक छोटं यंत्र उभं होतं. दोन्ही हात वर केलेले, चालकाची केबिन मागं उलटवलेली, आतली सगळी आतडी उघडी. वर धरलेल्या हातांखाली, जॅकच्या चकचकीत दांड्यावर लोखंडाची एक पन्हाळ बसवली होती. दाब गेला तरी हात खाली येऊ नयेत म्हणून. पन्हाळ बसल्याशिवाय त्या हातांखाली डोकं घालायचं नाही, हा शेडचा पहिला नियम. दुसरा नियम मला लगेच कळला. मी वाकून, बोट पुढं करून, ‘हे इथून गळतंय का?’ असं विचारलं आणि शेडच्या मिस्त्रींनी माझं मनगट धरून हात बाजूला केला. तेव्हा इंजिन बंद होतं. पण सवय सवय असते, असं ते म्हणाले.

या यंत्राचं नाव स्किड स्टिअर लोडर. मावळात असं कुणी म्हणत नाही. जसा प्रत्येक पिवळा खोदणारा ‘जेसीबी’, तसं हे यंत्र कुठल्याही कंपनीचं असलं तरी ‘बॉबकॅट’. गंमत म्हणजे जेसीबीचा कारखाना इथून जवळच, तळेगावला आहे. तरी छोट्या यंत्राला नाव मिळालं ते हजारो मैलांवरच्या दुसऱ्या कंपनीचं.

त्या नावामागची गोष्ट टर्कींच्या खताची आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या गावी सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ लोहारकाम-वेल्डिंगचं दुकान चालवत. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला शेड साफ करायची होती. आत खांबच खांब, ट्रॅक्टर वळायला जागा नाही. १९५७ मध्ये भावांनी त्याला तीन चाकांचं, जागच्या जागी फिरणारं एक यंत्र करून दिलं. पुढं मेलरो कंपनीनं ते हाती घेतलं, १९६० मध्ये चार चाकांचं केलं, १९६२ मध्ये त्याला ‘बॉबकॅट’ म्हणजे रानमांजर हे नाव दिलं.

शेडमधलं यंत्रही बरीच वर्षं तेच काम करत होतं. पवन मावळात कोंबड्यांच्या शेडमधलं तूस-खत काढायचं, आणि पावसाळा सोडून लोणावळ्याच्या बंगल्यांच्या बोळांत माती उचलायची. मोठा जेसीबी जिथं फाटकातच अडतो, तिथं हे आत शिरतं. याची चाकं वळत नाहीत. डावीकडची दोन एका साखळीवर, उजवीकडची दोन दुसरीवर. औत वळवताना आतला बैल जागेवर थोपवतात आणि बाहेरच्याला हाकतात, तसं एका बाजूची चाकं थांबवायची आणि दुसऱ्या बाजूची पळवायची. यंत्र घसटत, टायर घासत वळतं.

हे सगळं होतं तेलावर. इंजिन फक्त पंप फिरवतं. पंप तेल ढकलतो. ते तेल हात उचलतं, बकेट उलटवतं आणि दोन मोटारींमधून जाऊन चाकंही फिरवतं. यातला दाब किती, हे लोणावळ्यात कळायला सोपं आहे. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचं पाणी टाटांनी १९१५ मध्ये घाटाखाली खोपोलीला सोडून वीज करायला सुरुवात केली. कडा उतरणाऱ्या त्या नळांतून पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं, म्हणजे तळाशी साधारण ५० बार दाब. अख्ख्या सह्याद्रीची उंची खर्ची घालून मिळालेला हा दाब. आणि बंगल्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या या यंत्राच्या नळ्यांत तेल त्याच्या चौपट, २०० बारच्या आसपास दाबानं धावत असतं. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो.

म्हणून मिस्त्रींनी माझा हात धरला. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर त्यातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीत घुसते. बाहेरून काटा टोचल्यासारखा ठिपका, फारसं दुखतही नाही. काही तासांत हात सुजतो, आतलं मांस मरायला लागतं, आणि मग शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो. उशीर झाला तर बोट जातं, हात जातो. म्हणून ठिपका दिसला की लेप लावत बसायचं नाही, तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं. गळती शोधायला मिस्त्री पुठ्ठा वापरतात. खोक्याचा फाडलेला तुकडा लांब काठीला बांधायचा आणि नळ्यांजवळून फिरवायचा. धार असेल तर पुठ्ठ्यावर रेघ उमटते.

यंत्राच्या मालकांची तक्रार साधी होती. रोज सकाळी यंत्राखाली थारोळं. दिवसाला लिटर-दीड लिटर तेल भरावं लागतं. हिशेब जुळतो. सेकंदाला एक थेंब पडला, तर आठ तासांत जवळजवळ दीड लिटर होतं. थेंब दिसायला क्षुल्लक. पण तेलाचे पैसे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते तेल जातं कुठं? शेडमागचा ओहोळ इंद्रायणीला मिळतो. कुरवंड्याला उगम पावलेली ती नदी पुढं देहू-आळंदीला जाते. मिस्त्रींनी यंत्राखाली पत्र्याचा मोठा ट्रे ठेवला होता, भोवती लाकडाचा भुसा पसरला होता, आणि काढलेलं तेल झाकणाच्या पिंपात साठवत होते. ते नोंदणी असलेल्या गोळा करणाऱ्याकडेच द्यावं लागतं, तसा नियम आहे. रस्त्याकडेची सगळी गॅरेजं तो पाळतात असं मात्र मला त्या हायवेवर दिसलं नाही.

मालकांचं निदान तयार होतं: बकेटच्या जॅकची नळी. थेंब तिच्याखालीच पडत होते. मिस्त्रींनी मान डोलावली आणि त्या नळीला हातही न लावता पोऱ्याला डिझेल आणि ब्रश आणायला सांगितलं. दीड तास नुसती धुलाई. वर्षांची माती, तूस, कोंबड्यांची पिसं, काळं ग्रीस. मग वारा मारून कोरडं केलं, आणि सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरली. यंत्र एखाद्या न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखं दिसायला लागलं.

‘घर गळतं तेव्हा काय होतं?’ पावडर मारता मारता त्यांनी मला विचारलं. ‘कौल फुटतं आढ्यापाशी आणि थेंब पडतो चुलीवर. मधली वाट पाणी वाशावरनं चालत येतं. थेंब पडतो तिथं भोक नसतं.’

पन्हाळ काढून, सगळ्यांना लांब करून इंजिन चालू केलं. दहा मिनिटांत पावडरीवर पहिला काळा ओघळ आला. बकेटच्या नळीवर नाही, तिच्या वर, हात जिथं खिळीभोवती फिरतो तिथल्या नळीच्या लोखंडी टोपीपाशी. हात वर-खाली होताना ती नळी हजारो वेळा वाकली होती. इंजिन बंद, हात पुन्हा पन्हाळीवर, मग दांडे हलवून आतला दाब सोडला आणि त्यानंतरच पाना लावला. काढण्याआधी प्रत्येक नळीवर खडूनं आकडा, उघड्या तोंडावर लगेच प्लॅस्टिकची टोपी. तेलात गेलेला वाळूचा एक कण पंपाला खातो.

जुनी नळी घेऊन पोऱ्या तळेगावला गेला, नवी क्रिंप करून आणली. मिस्त्रींनी ती लगेच बसवली नाही. आधी टोकाचे आटे तपासले. दोन वेगवेगळ्या मापांचे आटे एकमेकांत दोन-तीन फेरे सहज जातात, पण आतल्या शंकूचा कोन वेगळा असतो. मग कितीही आवळा, गळणारच. कुठल्याशा जुन्या दुरुस्तीत कुणीतरी अशाच जोडावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली होती. मिस्त्रींनी ती नखानं सोलून काढली. पट्टीचा तुकडा सुटून आत गेला तर व्हॉल्व्हमध्ये अडकतो. बरं, जिथं सील करायचं काम शंकूनं किंवा ओरिंगनं करायचं, तिथं पट्टीचा उपयोगही नाही.

संध्याकाळी पुठ्ठा कोरडा. मालकांनी पैसे काढले. मिस्त्री म्हणाले, आज नको, सकाळी बघू.

सकाळी ट्रेमध्ये पुन्हा थारोळं होतं. मला वाटलं मिस्त्री वैतागतील. ते यंत्राच्या उजव्या बाजूला उकिडवे बसले, चाकांमधल्या साखळीच्या पेटीचं तपासणीचं बूच त्यांनी सैल केलं. बुचाच्या पातळीपर्यंतच तेल असायला हवं. बूच निघताच तेल भसाभस बाहेर आलं. त्यांनी बोटावर घेऊन ते उजेडात धरलं. साखळीच्या पेटीतलं तेल काळपट असतं. हे पातळ, पिवळसर. म्हणजे जॅकच्या, पंपाच्या तेलातलं. चाक फिरवणाऱ्या मोटारीच्या शाफ्टचं सील गेलं होतं. तेल आतल्या आत पेटीत उतरत होतं, पेटी भरली की चाकाच्या सीलमधून बाहेर. कालची नळी गळत होती हे खरं, पण मूळ चोर घरातच होता.

मोटार काढायला दुपार झाली. सील फाटलेलं निघालं. आणि इथं मालकांनी, अंमळ ओशाळून, सांगितलं की हे सील वर्षभरात दोनदा बदललंय. एका ठिकाणी तर मापाचं म्हणून साधंच ऑईल सील घालून दिलं होतं. बाहेरून माप तेच, पण साधं सील फक्त शिंतोडे अडवतं. दाब सोसणाऱ्या सीलचा ओठ जाड आणि आखूड असतो. पण दुसऱ्यांदा योग्य सील घातलं होतं, तेही गेलं.

मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा थंड झाला. मग त्यांनी मोटारीतून टाकीकडे जाणारी एक बारीकशी नळी काढली. या सगळ्या गोतावळ्यात तिच्याइतकी नगण्य नळी दुसरी नव्हती. तिचं काम सांगताना त्यांचा आवाज मात्र बदलला. मोटारीच्या आतले भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून थोडं तेल मुद्दाम आतच झिरपू देतात. तशी सोयच असते. झिरपलेलं तेल या नळीतून, जेमतेम बार-दोन बार दाबानं, टाकीत परत जातं. नळीला काम हलकं, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. होती तीच वर्षानुवर्षं चालते.

त्यांनी नळीचं एक टोक तोंडाशी धरून फुंकलं. वारा गेला. दुसऱ्या टोकानं फुंकलं. गाल फुगले, वारा अडला. मग त्यांनी सुरीनं नळी उभी चिरली. बाहेरून धडधाकट, पण आतलं रबराचं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. मोटारीकडून तेल येऊ लागलं की ती जीभ आडवी पडायची आणि वाट बंद. वाट बंद झाल्यावर झिरपलेलं तेल मोटारीच्या पोटात साठणार, दाब चढणार आणि सगळ्यात अशक्त जागा शोधणार. ती जागा म्हणजे सील. नवं घाला, महागाचं घाला, ते फुटणारच. पोऱ्यानं ती जीभ बोटानं उचलून पुन्हा पुन्हा खाली सोडली.

मला घाटातल्या दगडी भिंती आठवल्या. रस्त्याच्या कडेला डोंगर धरून ठेवणाऱ्या त्या भिंतींना ओळीनं भोकं ठेवलेली असतात आणि पावसाळ्यात त्यांतून पाणी वाहत असतं. ती भोकं बुजली की मागं पाणी तुंबतं आणि भिंतच पुढं येते. दरडींवरच्या माझ्या लेखात हे वाक्य घालायचं ठरवून मी वहीत टिपून घेतलं. तेवढ्यात मिस्त्रींनी हाक मारली, शाफ्ट बघा.

जुन्या सीलच्या ओठानं फिरणाऱ्या शाफ्टवर एक बारीक चर पाडला होता. नखाला लागेल एवढाच. नवं सील त्याच जागी बसवलं, तर त्याचा ओठ त्या चरातच पडणार आणि महिन्याभरात गळणार. नवा शाफ्ट मिळण्यासारखा नव्हता. या मॉडेलचे भाग कंपनीकडून येणं कधीच थांबलंय. मिस्त्रींनी शाफ्टला तलम एमरी पेपर फिरवला, दाब सोसणारं सील व्हर्नियरनं दोनदा मोजलं, आणि ते नेहमीच्या खोलीपेक्षा दीड-एक मिलिमीटर वर बसवलं. ओठ चराच्या शेजारच्या कोऱ्या लोखंडावर आला. तेलाचं बोट त्यांनी आधी ओठावरून फिरवलं होतं. कोरडं सील पहिल्याच फेऱ्यात जळतं. त्यालाही जगायला तेलाची पुसटशी साय लागते.

बारीक नळ्या त्यांनी दोन्ही बाजूंच्या बदलल्या. डावीकडची अजून बिघडली नव्हती, मालक किंचित कुरकुरले. दोघी एकाच दिवशी बसलेल्या आहेत, एवढंच मिस्त्री म्हणाले. साखळीची पेटी रिकामी करून पातळीपर्यंत भरली, टाकीत सेहेचाळीस नंबरचं नवं तेल.

अंधार पडल्यावर यंत्र पुठ्ठ्यावर उभं केलं. अर्धा तास पुढं-मागं, गोल-गोल फिरवलं होतं, शेडपुढच्या चिखलात त्याच्या टायरांनी वर्तुळं काढली होती. पुठ्ठा कोरडा होता. किती टिकेल, असं मी विचारलं. हा पावसाळा नक्की, असं म्हणून ते थांबले, आणि मग म्हणाले की चराच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा एकेकदाच मिळते. एक आज वापरली.

मालक यंत्र ट्रेलरवर चढवायला निघाले, तेव्हा मिस्त्रींनी खाली बसून पुठ्ठा उचलला, टॉर्च मारून दोन्ही बाजूंनी बघितला आणि पोऱ्याकडे दिला. चिरलेली नळी मात्र त्यांनी फेकली नाही. दाराजवळच्या खिळ्याला तशा आणखी चार-पाच लोंबत होत्या, त्यांतच ती अडकवली.