गाडीतला गॅस जातो कुठे?

मार्च सरत आला की जुन्या मोटारींचे मालक गॅरेजच्या दाराशी दिसू लागतात. तक्रार ठरलेली, ‘एसी थंड करीत नाही.’ उत्तरही बहुतेक वेळा ठरलेले, ‘गॅस संपला असेल, भरून देतो.’ गॅस भरला जातो, गाडी काही आठवडे थंड राहते आणि मे महिन्यात पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. पण हा ‘संपलेला’ गॅस जातो कुठे, हे सहसा कोणी विचारीत नाही. वर्गात बाष्पीभवन आणि अप्रकट उष्मा शिकवणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याचे उत्तर शोधताना पाठ्यपुस्तकातले निम्मे भौतिकशास्त्र बॉनेटखाली सापडते.

पेट्रोल संपते, कारण ते जळते. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, कशात रूपांतरितही होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, शरीरात रक्त फिरावे तसा. रक्त कमी झाले तर डॉक्टर नुसते रक्त चढवून रोग्याला घरी पाठवत नाहीत, ते जाते कुठून हे आधी पाहतात. इथेही तोच न्याय लावायला हवा.

खरे म्हणजे ‘गॅस’ हा शब्दही अर्धाच बरोबर आहे. गाडीतला हा पदार्थ निम्मा वेळ द्रव असतो. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बहुतेकींत आर-१३४ए नावाचे संयुग असते. वातावरणाच्या दाबाला ते उणे २६ अंश सेल्सिअसला उकळते. दाब वाढवला की उत्कलनांक वाढतो. साठ अंशांच्या आसपास त्याचे द्रवात रूपांतर करायचे तर वातावरणाच्या सुमारे सतरापट दाब द्यावा लागतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हे काम करतो. दाबलेली तप्त वाफ रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते, बाहेरच्या हवेला उष्णता देते आणि द्रव होते. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. तिथे दाब एकदम कमी असल्याने तो शून्य अंशाच्या आसपास उकळू लागतो, आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आपल्या अंगावर येणाऱ्या हवेतून घेतो. एक किलो द्रव उकळताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते.

दाब कमी केला की उकळणे सोपे होते, हे वर्गात दाखवायला सुई नसलेली एक सिरिंज पुरे. तिच्यात थोडे कोमट-गरम पाणी, ६० ते ७० अंशांचे, घ्या. आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने (पाणी चटका देणारे असेल तर रबरी बुचाने) घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाण्यात बुडबुडे उसळताना दिसतील. कूलिंग कॉइलमध्ये हेच चालते, फक्त पाण्याच्या जागी दुसरा द्रव असतो.

मग घरातल्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षे गॅस भरावा लागत नाही आणि गाडीत लागतो, असे का? फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर एकाच पोलादी डब्यात डाग देऊन कायमची बंद केलेली असतात. गाडीच्या कॉम्प्रेसरला मात्र इंजिनाकडून शक्ती मिळते, म्हणून त्याचा दांडा बाहेर काढावाच लागतो. फिरत्या दांड्याभोवती सील असते. शिवाय इंजिन हादरते, बॉडी वेगळी हादरते, म्हणून मधल्या काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात आणि सांध्यांना रबरी कड्या असतात. या सगळ्यांतून अगदी थोडा गॅस झिरपणारच. म्हणून पंधरा वर्षांच्या गाडीत काही वर्षांनी एकदा गॅस भरावा लागला तर त्यात वावगे काही नाही. पण दरवर्षी किंवा दर तीन महिन्यांनी भरावा लागत असेल तर गाडीला भोक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

भोक शोधणे फारसे अवघड नसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे वंगणतेल फिरत असते. गळती असेल तिथे ते तेल बाहेर येते आणि त्यावर धूळ बसून काळपट चिकट डाग पडतो. इंजिन बंद असताना सांध्यांवर साबणाचा फेस लावला तर मोठी गळती बुडबुड्यांनी कळते. लहान गळतीसाठी चमकणारा रंग किंवा इलेक्ट्रॉनिक शोधक लागतो आणि तो बऱ्याच कारागिरांकडे असतो. तेल बाहेर जाते ही गोष्ट आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. नुसता गॅस भरत राहिलो आणि तेलाकडे पाहिलेच नाही तर एक दिवस कॉम्प्रेसर जाम होतो. काही रुपयांच्या रबरी कडीसाठी केलेली टाळाटाळ मग कित्येक हजारांना पडते.

आता एक मौजेची गोष्ट. गाडी बंद असताना गेज लावून ‘दाब भरपूर आहे, गॅस ठीक आहे’ असे कोणी सांगितले तर ते पटण्यासारखे नाही. ३० अंशांना आर-१३४एचा दाब वातावरणाच्या साडेसातपटीहून थोडा जास्त असतो, मग नळ्यांमध्ये ४५० ग्रॅम असो की २०० ग्रॅम. जोवर आत थोडासा द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, वस्तुमानावर नाही. स्वयंपाकघरातला सिलिंडर भरलेला आहे की संपत आला आहे हे शेगडीच्या ज्योतीवरून शेवटपर्यंत कळत नाही, ते याच कारणाने. म्हणून तर सिलिंडर घेताना आपण १४.२ किलोचे वजन करून घेतो. गाडीतही गॅस वजनानेच भरायला हवा. किती ग्रॅम, ते बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते. लहान गाड्यांत हा आकडा अर्ध्या किलोच्या आसपास असतो. जास्त भरला तर थंडावा वाढत नाही, उलट कमी होतो, कारण कंडेन्सरमध्ये द्रवच साचून राहतो आणि वाफेला थंड व्हायला जागा उरत नाही.

भरण्यापूर्वी नळ्या निर्वात करणे हेही केवळ शिष्टाचार म्हणून नसते. आत राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये कधीच द्रव होत नाही, ती जागा अडवते आणि दाब वाढवते. ओलावा तर फारच वाईट, तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होऊन वाट बंद करतो. ३० अंशांचे पाणी वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चोविसाव्या हिश्श्यात उकळते, म्हणून पंपाने दाब त्याखाली नेला की नळ्यांतले पाणी आपोआप वाफ होऊन निघून जाते. पंप थांबवल्यावर अर्धा तास निर्वात टिकली तर मोठी गळती नाही, हेही फुकटात समजते.

परंतु थंडावा नाही म्हणजे गॅसच कमी, हे समीकरणही खरे नाही. गाडी धावताना थंड आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, असे होत असेल तर गॅसला दोष देण्यापूर्वी कंडेन्सरचा पंखा पाहा. धावताना वारा आपोआप मिळतो, उभे असताना तो पंख्यानेच मिळायचा. पंखा बंद असेल किंवा जाळीत चिखल आणि किडे अडकले असतील तर उष्णता बाहेर पडणार कशी? याउलट सुरुवातीला छान थंड, अर्ध्या तासाने वाऱ्याचा झोतच मंदावतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक, अशी तक्रार असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचतो आहे. कॉइल फार थंड होताच कॉम्प्रेसरचा क्लच सोडणारा थर्मोस्टॅट किंवा सेन्सर तिथे काम करीत नसतो. ब्लोअर फक्त सर्वांत मोठ्या वेगावरच चालतो, बाकीच्या वेगांवर नाही, हा तर दहावीच्या मुलांना घालण्यासारखा प्रश्न आहे. जुन्या गाड्यांत कमी वेगांसाठी मोटरशी एकसर जोडणीत रोध असतात. सर्वांत मोठ्या वेगाला विद्युतधारा त्या रोधांना वगळून थेट जाते. रोध जळला की एवढा एकच वेग उरतो.

सर्वांत फसवा गुन्हेगार मात्र हीटर असतो. हीटर म्हणजे वेगळी विजेची शेगडी नव्हे. इंजिन थंड ठेवणारे गरम पाणी, म्हणजे कूलंट, डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवलेले असते आणि त्यावरून हवा सोडली जाते. बऱ्याच गाड्यांत ही हवा आधी कूलिंग कॉइलवरून आणि मग हीटरवरून येते. गरम-थंडची दांडी एका तारेने झडप फिरवते किंवा पाण्याचा कॉक बंद करते. वीस वर्षांत ही तार ताणते, झडपेचा फोम झडतो, कॉक पूर्ण बंद होत नाही. मग कॉइलने दहा अंशांवर आणलेली हवा पुढच्याच वळणावर ऐंशी अंशांच्या पाण्यावरून जाते. अशा गाडीत कितीही गॅस भरा, उपयोग शून्य. परीक्षा सोपी आहे. सकाळी इंजिन थंड असताना एसी लावून झरोक्यात तापमापी ठेवा. पहिली काही मिनिटे हवा थंड येते आणि इंजिनाचा काटा चढेल तशी ती कोमट होत जाते, असे दिसले तर आधी ती तार आणि तो कॉक तपासावा.

हीटरच गरम होत नसेल तर इंजिनाच्या काट्यावरून अंदाज येतो. काटा नेहमीच खाली राहत असेल तर इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा. काटा वरखाली नाचत असेल तर कूलंट कमी आहे किंवा नळीत हवेचा बुडबुडा आहे. काटा योग्य जागी आहे आणि हीटरच्या दोन नळ्यांपैकी एक गरम, एक थंड लागते तर हीटर आतून गाळाने तुंबला आहे. काचेवर आतून तेलकट थर आणि गाडीत गोडसर वास असेल तर हीटर गळतो आहे. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, तेव्हा ही दुरुस्ती पुढे ढकलू नये. हे सगळे तपासताना गरम रेडिएटरचे झाकण मात्र कोणीही, कोणत्याही कारणाने उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकते आणि झाकण काढताच ते उसळते. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात नेऊ नये हे सांगायला नकोच.

आपल्याकडे हीटर कशाला, असे पुष्कळांना वाटते. पावसाळ्यात घाट चढताना काचा धुक्याने भरतात तेव्हा कळते. २५ अंशांच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला २३ ग्रॅम बाष्प असते, ५ अंशांच्या हवेत सातच्याही आत. एसी हवा थंड करून तिच्यातले पाणी काढून टाकतो, हीटर तीच हवा गरम करून तिची सापेक्ष आर्द्रता उतरवतो, आणि ती कोरडी हवा काच पाहता पाहता पुसून टाकते. एसी आणि हीटर एकाच वेळी लावणे हा त्या वेळी मूर्खपणा नसतो. गाडीखाली ठिबकणारे पाणी हे तेच काढलेले पाणी, तो बिघाड नव्हे. ते पाणी बाहेर न ठिबकता पायाशी सांडू लागले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. तासाला एक लिटर पाणी ठिबकले तर जवळजवळ ६८० वॅट केवळ त्या बाष्पापायी खर्ची पडतात. मुंबईच्या ३३ अंशांत एसीला घाम फुटतो तो यामुळे.

राहता राहिला तो गळालेला गॅस. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत आर-१२ असे. त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. म्हणून २०१६च्या किगाली दुरुस्तीत त्याचेही प्रमाण उतरवायचे ठरले आणि २०२१ साली भारताने तिला मान्यता दिली. गणित मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. अर्धा किलो गॅस हवेत गेला म्हणजे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो निघतो. म्हणजे गळती न बुजवता एकदा भरलेला गॅस हा ३०० लिटर पेट्रोलचा धूर आहे, तोही गाडी एक किलोमीटर न चालवता.

कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील तेलाने ओले राहिले तर जास्त टिकते. त्यासाठी थंडीतही आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटे एसी चालवावा.