कॉम्प्युटर पुसला आणि बंद पडला!



इंदापूर तालुक्यातल्या एका घरी दिवाळीच्या साफसफाईत कॉम्प्युटर पुसला आणि तो बंदच पडला. दूध-उसाचा सारा हिशेब त्यातच. घरात रडारड! पाहिले तर डब्यामागचे छोटे बटण पुसताना दाबले गेले होते.

विहिरीवरची मोटार चालू झाली नाही, तर आपण आधी फ्यूज पाहतो, मोटार खोलत नाही. इथेही तसेच करा. सॉकेटला दिवा लावून वीज येते का पाहा. मागचे बटण तपासा, वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवा. फडके ओले असेल, तर प्लग काढून एक दिवस वाळू द्या. तरीही चालू न झाल्यास प्लग काढून डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा; मगच आतल्या वायरी आणि मेमरीची पट्टी नीट बसवा.

मात्र बाहेरची वायर ज्या लोखंडी पेटीत जाते, ती कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते. ते काम मेकॅनिकचेच. पेटी बिघडली, तरी डिस्कवरचा हिशेब सहसा शाबूत असतो. तरीही वहीत एक नक्कल ठेवावी, हे बरे.