वाशीमचा इतिहास शोधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

वाशीम जिल्ह्यातील ज्या विद्यार्थ्याला आपल्या भूमीचा इतिहास प्रकल्पासाठी अभ्यासावयाचा आहे, त्याने शाळेच्या ग्रंथपालांकडे प्रथम अकोला जिल्ह्याच्या गॅझेटियरची मागणी करावी. कारण इंग्रजी अमदानीतील बासीम (वाशीम) जिल्ह्याचा बराचसा भाग १९०५ साली अकोल्यात विलीन झाला आणि आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, त्यामुळे मधल्या काळाचे सरकारी दप्तर बव्हंशी अकोल्याच्याच नावे सापडते. प्राचीन काळासाठी ‘वत्सगुल्म’ (वाशीमचे प्राचीन नाव) आणि ‘वाकाटक’ (तेथील राजघराणे) हे शब्द शोधावेत. त्यासाठी मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे, खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही आहे. तथापि पडद्यावरील नोंद उतरवून न थांबता इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांचा वाकाटकांवरील मूळ ग्रंथ मिळविण्याची खटपट ग्रंथपालांच्या साहाय्याने अवश्य करावी, असा माझा आग्रह आहे.